बाबांनी टोन बघितला

आमच्या घरात काहीही बिघडलं की एकच वाक्य बोललं जातं, "बाबांनी टोन बघितला असणार." बटाटे करपले, बाबांनी टोन बघितला. लिफ्ट बंद पडली, बाबांनी टोन बघितला. लग्नानंतर पहिले सहा महिने माझ्या नवऱ्याला वाटत होतं की हा आमच्याकडचा एखादा घरगुती शाप असावा. मग दादाने त्याला मूळ प्रकरण सांगितलं, अगदी तिखटमीठ लावून, हातवारे करून. तेव्हापासून टायर पंक्चर झालं की तोही सासऱ्यांकडे बघतो. बाबा हसतात. बावीस वर्षं हसताहेत.

ते मूळ प्रकरण खोटं आहे. मला पक्कं ठाऊक आहे, कारण खोटेपणा माझाच आहे.

बाबांनी टोन बघितला नाही असं नाही, बघितला. पण लाइन त्यांनी तोडली नव्हती. ती मी तोडली, डाव्या पायाच्या अंगठ्याने.

आता माझा पेशाही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हसायला बरं. मी वजनमापं तपासते. सरकारी शिक्क्याची वजनं पेटीत घालून दुकानोदुकानी जाते, त्यांचे काटे माझ्या वजनांशी ताडून बघते. किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले तरी माझ्या भुवया वर जातात. दुकानदार मला बघून काट्याखालचा कागदाचा कपटा हळूच काढून घेतात, आणि मला तो काढलेलाही दिसतो. घरच्या मंडळींना माझा केवढा अभिमान! "आमची चिमी एका ग्रॅमचं खोटं चालवून घेत नाही," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी अशा वेळी खिडकीतून बाहेर बघते.

तर प्रकरण असं. मी सतरा वर्षांची होते, दादा एकवीसचा. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. म्हणजे एक तर फोन नाही तर इंटरनेट, दोन्ही एकदम नाही. जोडलं जाताना मोडेम आधी शिट्ट्या मारायचा, मग खरखरायचा, मग कुणीतरी पत्र्यावर खुर्ची ओढतंय असा आवाज काढायचा आणि गप्प व्हायचा. गप्प झाला की आम्ही जग जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघायचो.

त्या तारेच्या पलीकडे होता 'सात बेटं' नावाचा खेळ. दर शनिवारी चार वाजता आठ होड्यांची शर्यत सुटायची. प्रत्येक होडीत दोन माणसं, एक सुकाणूवर, एक कोठारावर. आमच्या होडीचं नाव 'पाणकोंबडी'. दादा माउस धरून सुकाणू सांभाळायचा, मी शेजारच्या स्टुलावर बसून दोन बोटांनी कोठार सांभाळायचे. समुद्र वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उतरायचा. आधी आकाश, मग डोलकाठी, मग एकदाची होडी. पूर्ण लाट दिसेपर्यंत आपण तिच्यावर आपटलेलो असायचो. आज माझ्या भाच्याला हे सांगितलं तर तो विचारतो, "मग तुम्ही खेळायचात काय?" आता काय सांगणार! वाट बघायचो. वाट बघणं हाच अर्धा खेळ होता.

वाट बघताना गप्पा चालायच्या. पडद्याच्या कडेला एक अरुंद चौकट होती, तिच्यात आठही होड्यांची माणसं लिहायची. कुणाचा चेहरा माहीत नाही, गाव माहीत नाही, पण कुणाच्या गॅसवर काय आहे हे सगळ्यांना माहीत. "थांबा, वाळत घातलेले कपडे काढून येतो." "दारात कुणीतरी आहे." "चष्मा सापडत नाहीये, कुणी डावीकडे वळू नका." तिसऱ्या होडीवर एक बाई होत्या, त्यांनी नावच 'बाळाची आई' ठेवलं होतं. त्या दर दहा मिनिटांनी लिहायच्या, "थांबा, बाळ उठलं." आणि सात होड्या खरोखर थांबायच्या. शर्यतीत असं चालतं का? आमच्यात चालायचं.

कॉम्प्युटरच्या बाजूला एक वही असायची. ती बाबांची कल्पना. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढायचं, तारा तपासायच्या, बिघाड काढायचा आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायची, अशी त्यांची तीस वर्षं गेली. घरच्या इंटरनेटलाही त्यांनी रकाने आखून दिले होते. चालू किती वाजता, बंद किती वाजता, कोण, कारण. आम्ही कुरकुरत लिहायचो. "५.१०, आईला मावशीशी बोलायचं म्हणून." "४.३७, दार वाजलं, मीटर बघणारा." "६.०२, दादाला शिंक आली, पाय प्लगवर." "५.४५, वीज गेली. मेणबत्ती सापडत नव्हती. सापडली तेव्हा वीज आली."

बाबांची अजून एक सवय होती. संध्याकाळी घरात शिरले की बूट काढायचे, सरळ बाहेरच्या खोलीतल्या फोनपाशी जायचे, रिसीव्हर उचलून कानाला लावायचे. दोन सेकंद डायल टोन ऐकायचे. मग "हं" म्हणून ठेवून द्यायचे. झालं. तार जिवंत आहे, घर जगाला जोडलेलं आहे, आता चहा टाकायला हरकत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी हेच. एकदा डॉक्टरांच्या खोलीत ताप अंगात असताना त्यांनी डॉक्टरांचा फोन उचलला होता. डॉक्टर जीभ बघायला वाकलेले आणि हे म्हणतात, "हं."

या "हं"ने आमच्या कितीतरी शर्यती बुडवल्या. शेवटी दादाने फोनवर पुठ्ठा बांधला. "शर्यत चालू आहे. उचलू नये. कुणीही. बाबासुद्धा."

आणि मग वर्षाच्या मोठ्या शर्यतीचा शनिवार आला. जिंकणाऱ्या होडीचं नाव सातव्या बेटावरच्या बंदराच्या भिंतीवर कायमचं रंगवलं जाणार होतं. पुढच्या महिन्यात दादा शिकायला बाहेरगावी जाणार होता, म्हणजे आमची ही शेवटची मोठी शर्यत. त्याने त्या दिवशी नखंही कापली होती, क्लिक चुकायला नको म्हणून.

तिसऱ्या बेटावर पाण्याची पिपं भरून घ्यायची असतात. ते काम कोठाराचं, म्हणजे माझं. तिथे थांबून एक बटण दाबून धरायचं. नाही भरली तर सहाव्या बेटापुढे खलाशी वल्ही टाकून देतात, "पिपं रिकामी" अशी भलीमोठी पाटी येते आणि होडी जागच्या जागी गोल फिरते. नेमकं तिसरं बेट आलं आणि बाळाच्या आईने लिहिलं, "बाळाला उचकी लागलीय, थांबतच नाही, काय करू?" मला काय कळतंय! मी मान वळवून आत ओरडले, "आई, बाळाला उचकी लागली तर काय करायचं?" आईने आतून विचारलं, "कुणाच्या बाळाला?" मी म्हटलं, "माहीत नाही!" आई म्हणाली, "काही करायचं नाही, थांबते आपोआप." मी ते एकेक अक्षर शोधून लिहिलं. मान वर केली तेव्हा तिसरं बेट मागे पडलं होतं.

दादाने पडद्यावरून नजर न हलवता विचारलं, "भरली?"

"भरली," मी म्हणाले.

का म्हणाले? तोंडातून गेलं. काट्याखाली पहिला कपटा मी असा सरकवला.

पुढची तीन बेटं आम्ही असे गेलो की मला आजही आठवतं. सहाव्या बेटाला वळसा घालताना आम्ही पहिले होतो! दादाचे कान लाल झाले होते. आणि माझ्या कोपऱ्यातला पिपांचा आकडा चार, तीन, दोन असा उतरत होता. आता पाटी येणार, दादाला कळणार, आणि जायच्या आधी एक महिना तो माझ्याकडे बघणारही नाही. टेबलाखाली मोडेम होता. त्याच्या मागे टेलिफोनच्या तारेची पिन होती, तिचा पकडीचा दांडा केव्हाच तुटलेला. बाबा मला रोज म्हणायचे, उद्या बदलतो. लाइनमनच्या घरची पिन! मी अंगठा अडकवला आणि ओढली.

खेळ गोठला. त्याच क्षणी दादाने मागे वळून दारातून बाहेर बघितलं. बाबा तिथे उभे. एक बूट पायात, एक हातात, दुसऱ्या हातात रिसीव्हर, आणि तो कानाला.

"बाबा!"

अशी किंकाळी मी दादाच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही. बाबांनी रिसीव्हर ठेवला. पुठ्ठ्याकडे बघितलं. हातातला बूट खाली ठेवला. मी पायाने पिन परत आत ढकलली आणि रडायला लागले. माझं रडणं तेवढं खरं होतं.

दादा अकरा दिवस बाबांशी बोलला नाही. मग बोलायला लागला, मग गेला, मग पत्रं आली, आणि सुट्टीत आला तेव्हा त्याने स्वतःच पहिल्यांदा तो विनोद केला. दुधाचं पातेलं उतू गेलं आणि तो म्हणाला, "बाबांनी टोन बघितला." सगळे हसले. बाबाही. मला वाटलं, चला, संपलं. आता कबूल करून कशाला जुनं उकरायचं?

पण एक गोष्ट संपली नव्हती, आणि ती बहुधा मलाच दिसत होती. त्या शनिवारपासून बाबांनी घरात येऊन टोन बघणं बंद केलं. बूट काढायचे, फोनच्या बाजूने जायचे, हात खिशात घालून. "हं" म्हणणं बंद झालं. मला वाटलं होतं, चार दिवसांत परत सुरू होईल. बावीस वर्षांत झालं नाही. विनोदाला मी हसायचे आणि त्या वेळी माझं लक्ष त्यांच्या खिशातल्या हातांवर असायचं.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. दादा आता गाड्या चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत त्याच्या बाजूलाही ब्रेक आहे, त्यामुळे जगात कुणावरही विश्वास टाकायची त्याला गरज उरलेली नाही.

"चिमे, 'सात बेटं' बंद होतंय."

"अजून चालू होतं?"

"होतं म्हणे, कुठल्या तरी कोपऱ्यात. या शनिवारी शेवटची शर्यत. जुन्या होड्यांना बोलावलंय. चार ते पाच. पाचला कायमचं बंद. आईकडे जमूया, त्याच टेबलावर."

"बाबा?"

"बाबांना सांगितलं मी, फोनपासून दहा हात लांब राहायचं," म्हणून तो गडगडाटी हसला. आता इंटरनेट हवेतून येतं, फोन उचलल्याने काहीही तुटत नाही, हे त्याला माहीत होतं. विनोद तो विनोद.

शनिवारी मी तीनला पोचले. आई खिडकीपाशी बसून पडद्याला काठ शिवत होती. तेच टेबल, तेच स्टूल, फक्त बसल्यावर आता ते कुरकुरलं. दादाने लॅपटॉप लावला होता आणि नखं बघत होता.

"बाबा कुठेत?" मी विचारलं.

"खाली," आई म्हणाली. "घडीची खुर्ची घेऊन गेलेत, पत्रपेट्यांपाशी. म्हणाले, पाचनंतर येतो. माझा हात वळवळतो, पोरांची शर्यत परत नको बुडायला."

"गंमत करतायत," दादा म्हणाला.

"खुर्ची नेलीय," आई म्हणाली. "गंमत करायला माणूस खुर्ची नेत नाही."

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरातून स्वतःची खुर्ची घेऊन खाली जाऊन बसतो, का, तर माझ्या अंगठ्यामुळे. मी चप्पल घातली. "संत्री आणते," असं काहीतरी म्हणाले. संत्री टेबलावरच होती, त्यातलं एक उचलून नेलं. मला खोटं नीट बोलता येत नाही, हे माझ्या घरच्यांना बावीस वर्षं कळलं नाही ही कमालच आहे.

बाबा पत्रपेट्यांच्या ओळीसमोर बसून त्यांच्या कुलपांचं निरीक्षण करत होते. "चार नंबरची बिजागरी गेलीय," ते म्हणाले. मी पायरीवर बसले आणि संत्रं सोलायला लागले.

"बाबा, वर चला."

"नको. तुमचं होऊ दे."

"बाबा, त्या दिवशी लाइन तुम्ही नव्हती तोडली."

ते कुलपाकडेच बघत राहिले. मी सगळं एका दमात सांगितलं. उचकी, पिपं, "भरली", अंगठा, पिन. सांगताना संत्र्याचं साल इतके बारीक तुकडे होऊन पडत होतं की कुणाला वाटावं मी त्याचं वजन करणार आहे. बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्याकडे बघतच नाहीये.

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पिन ओढलीस ते."

"कधीपासून?"

"चार बावन्नपासून."

बाबांनी माझ्या हातातून संत्रं घेतलं, त्याच्या फोडी नीट सुट्या केल्या.

"मोडेम तारेवर बोलत असताना रिसीव्हर उचलला तर कानात काय येतं?"

"खरखर."

"कान फुटेल अशी. मी उचलला तेव्हा टोन आला. स्वच्छ. म्हणजे तार आधीच मोकळी झालेली. दोन-तीन सेकंद आधी. दादाचे दोन्ही हात माउसवर दिसत होते मला. आई आत होती. राहिलं कोण?" त्यांनी एक फोड मला दिली. "आणि त्या पिनचा दांडा तुटका होता ते माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? तुलाच. तू स्टुलावर बसून तिच्याशी पायाने चाळा करायचीस."

तीस वर्षं बिघाड शोधलेला माणूस! त्याच्या घरात मी बिघाड केला आणि मला वाटलं, पचला.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पुठ्ठा बांधलेला असून मी उचललाच ना? तू ओढली नसतीस तर मीच तोडली असती. हात तर माझाच होता रिसीव्हरवर."

"पण तोडली मी."

"हो, तू आधी," ते म्हणाले, शर्यतीचा निकाल सांगावा तसं. मग जरा थांबून म्हणाले, "दादा पुढच्या महिन्यात जाणार होता. बापावर रागावून गेला तर ठीक आहे, येतो परत. तुझ्यावर रागावून गेला असता तर तू इथे महिनोन् महिने त्या स्टुलावर एकटी बसली असतीस. मला ते बघवलं नसतं."

मी रडले. चार नंबरच्या पत्रपेटीसमोर, भरदिवसा, तोंडात संत्र्याची फोड असताना. वरून कुणीतरी कचरा टाकायला उतरलं, त्यांनी आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"मग टोन बघायचं का सोडलंत?" मी शेवटी विचारलं. हा प्रश्न मला खरा विचारायचा होता.

बाबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मी फोनकडे वळलो की दादा दचकायचा. त्याचा चेहरा... एवढीशी गोष्ट होती माझी, सोडून दिली. मग तो गेला, पण तोवर हातालाच लाज वाटायला लागली होती."

एवढीशी गोष्ट. मी उठले, त्यांची खुर्ची घडी केली आणि काखेत मारली. आता बसायला जागाच उरली नाही म्हटल्यावर ते वर आले.

चार वाजून तीन मिनिटं झाली होती. समुद्र एका क्षणात, एकदम, सगळाच्या सगळा दिसत होता, आणि कसा चपटा, गरीब दिसत होता! आठांपैकी पाचच होड्या आल्या होत्या. चौकटीत ओळी येत होत्या. "गुडघे कुरकुरतात, कुणी जोरात वळू नका." "चष्मा आता कपाळावरच असतो." आणि तिसऱ्या होडीवरून, "मी आलेय. बाळ नोकरीला बाहेरगावी असतं. आज कुणी उठणार नाही, चला." त्यावर कुणीच काही लिहिलं नाही, पण पाचही होड्या मिनिटभर जागच्या हलल्या नाहीत.

बाबा दारात उभे राहिले, हात खिशात. दादाने त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले. "दहा हात, बाबा."

तिसरं बेट आलं. मी बटण दाबून धरलं आणि पिपं भरून होईपर्यंत सोडलं नाही.

"भरली?" दादाने विचारलं. नजर पडद्यावर.

"आज भरली," मी म्हणाले. "त्या दिवशी नव्हती भरली. मी खोटं सांगितलं होतं. आणि लाइन बाबांनी नव्हती तोडली, दादा. पिन मी ओढली होती. पायाने."

दादाचा उजवा पाय टेबलाखाली खाडकन खाली गेला, नसलेल्या ब्रेकवर. पाणकोंबडी चौथ्या बेटाच्या खडकावर आपटली. मागच्या चार होड्या आम्हाला वळसा घालून निघून गेल्या.

आईची सुई काठातच थांबली.

"अकरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही," तो म्हणाला.

"हो."

"बावीस वर्षं त्यांची टिंगल केली. माझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा सांगतो मी ती गोष्ट. गियर अडकला की सगळा वर्ग म्हणतो, बाबांनी टोन बघितला."

"हो."

"आणि तू? लोकांचे काटे जप्त करतेस!" त्याचा आवाज चिरकला. तो चिडला होता, खरोखर चिडला होता, आणि मला ते बरं वाटलं. हलक्यात सुटले असते तर माझाच विश्वास बसला नसता. मग तो बाबांकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"वहीत लिहिलंय मी," बाबा म्हणाले. "कुणी वाचलंच नाही."

आई उठली. टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली, ती वही होती. तिला कशी सापडली विचारू नका, आमच्या घरातलं काहीच हरवत नाही, ते फक्त आईला माहीत असतं. शेवटून दुसऱ्या पानावर दादाचं अक्षर होतं. "४.५२. लाइन तुटली. कारण: बाबा." खाली तीन रेघा, तिसरीने कागद फाटलेला. आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने, बारीक, सरळ, खात्याच्या अक्षरात एक ओळ. "४.५२. रिसीव्हर उचलला. टोन स्वच्छ."

दादाने ती ओळ दोनदा वाचली. मग वही माझ्यापुढे सरकवली आणि त्याच्या शिकाऊ विद्यार्थ्यांना लावतो तो आवाज लावला.

"तोंडी चालणार नाही. दुरुस्ती लेखी हवी."

दुरुस्ती कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. चुकीचं खोडरबरने खोडायचं नसतं. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर बरोबर नोंद. बाजूला सही आणि तारीख. मी "बाबा"वर रेघ मारली, वर "चिमी" लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली.

बाबांनी चष्मा लावून तपासलं. "आमच्या खात्यात तक्रार चोवीस तासांत निकालात काढायचे," ते म्हणाले.

दादा हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "बाबा, सॉरी." एवढंच. आमच्या घरात हा शब्द फार चालत नाही, त्यामुळे बाबा गडबडून म्हणाले, "बरं बरं, ती होडी बघ आधी."

होडी आम्ही खडकावरून काढली आणि पाचात पाचवे आलो. शेवटचा दिवस म्हणून बंदराच्या भिंतीवर आलेल्या सगळ्यांचीच नावं रंगवली होती. पाणकोंबडी सगळ्यात खाली, जरा वाकडी. आम्ही तिच्याकडे बघत बसलो. पाच वाजले, भिंत गेली, समुद्र गेला, आणि पांढऱ्या पडद्यावर आभाराची एक ओळ उरली. दादाने दोनदा बटण दाबून बघितलं. काही आलं नाही.

"संपलं," तो म्हणाला. मग दाराकडे बघून म्हणाला, "बाबा, जरा टोन बघा ना. काय बिघडलंय?"

बाबांनी खिशातले हात बाहेर काढले. बाहेरच्या खोलीत गेले. फोन अजून तिथेच आहे, आई मावशीशी त्याच्यावरच बोलते. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. रिसीव्हर उचलल्याचा तो छोटासा आवाज आला. एक सेकंद. दोन.

"हं," बाबा म्हणाले.

आईने हातातली सुई तशीच धरून ठेवली. "आहे का टोन?"

"स्वच्छ आहे," बाहेरून उत्तर आलं. "चहा टाक."